द्राक्षाची थंडी टोमॅटोला का सोसत नाही?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे काढणीनंतरच्या भाजीपाल्याविषयी आणि थंडीविषयी आहेत, आणि पाचही नाशिक जिल्ह्यातूनच आली आहेत. द्राक्षामुळे आपल्याकडे गावोगाव शीतगृहे उभी राहिली आणि फ्रिज तर घरोघरी आहेच, तेव्हा हे प्रश्न आज ना उद्या येणारच होते. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, परंतु पुढील उत्तरे त्याच्याच आधाराने दिलेली असल्यामुळे ते तसेच राहू दिले आहे.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये टोमॅटोचे भाव पडले तेव्हा आम्ही दोघा भावांनी दीडशे कॅरेट हिरवा-पक्व माल द्राक्षाच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला. हंगाम नसल्याने खोली रिकामीच होती. तापमान 2 ते 3 अंश होते. बारा दिवसांनी माल काढला तेव्हा तो नुकताच तोडल्यासारखा दिसत होता. भाव पाहून पिंपळगावला न्यावा म्हणून तीन-चार दिवस शेडमध्ये ठेवला, तर फळे लाल झालीच नाहीत. अंगावर खळगे पडले, देठाकडून काळी बुरशी आली आणि निम्मा माल फेकून द्यावा लागला. कोल्डवाले म्हणतात, मशीनमध्ये दोष नव्हता, तापमानाची नोंद पाहा. बियाणे विक्रेते म्हणतात, या वाणाच्या जनुकांतच थंडी सोसण्याची ताकद नाही, पुढच्या वर्षी दुसरे वाण घ्या. खरे कोण बोलते आहे?
(टोमॅटो उत्पादक, गिरणारे)

उत्तर : दोघेही अर्धे खरे बोलत आहेत, आणि आपली पंचाईत झाली आहे ती त्यामुळेच. यंत्रात दोष नव्हता हे मान्य करावे लागेल, कारण ते यंत्र द्राक्षासाठी लावलेले होते आणि द्राक्षाला साठवणीत उणे 1 ते 0 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागते. हिरव्या-पक्व टोमॅटोला मात्र 12.5 ते 15 अंश मानवतात. 10 अंशांच्या खाली तो दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ राहिला, किंवा 5 अंशांवर सहा-आठ दिवसांपेक्षा अधिक राहिला, की त्याला इजा होऊ लागते. आपला माल तर त्याहूनही थंड खोलीत बारा दिवस होता. ही इजा गोठण्याची नव्हे. टोमॅटो शून्याच्या थोडे खाली गेल्याशिवाय गोठत नाही, म्हणजे आपल्या मालात बर्फाचा एक कणही झालेला नसणार. बर्फ न होता नुसत्या थंडीने जी इजा होते तिला शीतइजा म्हणतात. माल थंडीत असेपर्यंत ती सहसा दिसत नाही, तो उबेला आला की दोन-तीन दिवसांत अंगावर उमटते. कोल्डमधून काढताना माल उत्तम दिसला याचा अर्थ तो उत्तम होता असा होत नाही, हे पुढील व्यवहारात ध्यानात ठेवावे.

आता जनुकांकडे वळू. तोडलेले फळ मेलेले नसते, ते श्वसन करीत असते, त्याच्या पेशी जिवंत असतात आणि त्या पेशींतील जनुके गरजेप्रमाणे चालू-बंद होत असतात. टोमॅटोच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा 2012 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात सुमारे 35,000 जनुके आढळली. यांपैकी थंडी सोसण्याचे असे एकच एक जनुक नाही. कोणी तसे सांगून बियाणे विकत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. थंडीशी अनेक जनुकांचा संबंध येतो, पण आपल्या प्रश्नापुरते त्यांचे तीन गट समजले तरी पुरे आहे.

पहिला गट पेशीभोवतीच्या पातळ पडद्याचा, म्हणजे पेशीपटलाचा आहे. डिसेंबरमध्ये निफाडकडे पारा उतरतो तेव्हा न्हाणीघरातील खोबरेल बाटलीत थिजते आणि स्वयंपाकघरातील करडईचे तेल मात्र वाहते राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले अधिक असतात आणि करडईच्या तेलात असंपृक्त, एवढाच त्या दोघांतील फरक. पेशीपटलही मुख्यतः अशा मेदाम्लयुक्त पदार्थांचेच बनलेले असते. ते वाहते, लवचीक असेल तर पेशीत काय यावे आणि काय बाहेर जावे यावर ताबा राहतो. ते ताठरले की ताबा सुटतो, क्षार आणि पाणी झिरपू लागते, आणि आपण पाहिलेले खळगे हे त्या झिरपण्याचेच बाहेरून दिसणारे रूप होय. 1970 साली लायन्स आणि रेझन या दोन संशोधकांनी थंडी न सोसणाऱ्या वनस्पतींच्या पेशींतील तंतुकणिका, म्हणजे श्वसन घडवणारे सूक्ष्म घटक, वेगळ्या काढून तपासल्या. तापमान 10-12 अंशांच्या खाली गेले की त्यांचे काम एकाएकी मंदावते आणि थंडी सोसणाऱ्या वनस्पतींत तसा खटका दिसत नाही, असे त्यांना आढळले. संपूर्ण पेशीपटल तेलासारखे एकदम थिजते ही त्या वेळची कल्पना पुढे बरीच सुधारावी लागली, परंतु पेशीपटलात कोणती मेदाम्ले भरावयाची हे ठरवणारी जनुके या प्रकरणात महत्त्वाची आहेत हा मुद्दा टिकला. 1992 साली जपानमधील संशोधकांनी त्याचा सरळ पुरावाच दिला. अशा एका विकराचे, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचे, जनुक त्यांनी थंडी न सोसणाऱ्या भोपळ्याच्या जातीतून काढून तंबाखूत घातले, तेव्हा तंबाखू थंडीला हळवी झाली. तेच जनुक मोहरीच्या कुळातील ॲराबिडोप्सिस या छोट्या रोपातून घेऊन घातले, तेव्हा तंबाखू अधिक काटक झाली. विकर तेच होते, फक्त ते कोणत्या घराण्यातून आणले यावर निकाल बदलला.

दुसरा गट थंडीची वर्दी देणाऱ्या आणि ती मिळताच कामाला लागणाऱ्या जनुकांचा आहे. पेशीपटल ताठरू लागले की पेशीत कॅल्शियम शिरते, त्या खुणेने काही नियामक प्रथिने जागी होतात आणि ती पुढे सीबीएफ या नावाने ओळखली जाणारी जनुके चालू करतात. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मिशिगन येथे मायकेल थॉमशो यांच्या गटाने या जनुकांचे महत्त्व दाखवून दिले. सीबीएफच्याही वर बसलेल्या एका नियामकाचा, आइस-1 चा, शोध 2003 साली लागला आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक विश्वनाथन चिन्नुसामी हे भारतीय शास्त्रज्ञ होते, हे आपल्या वाचकांना आवडेल. सीबीएफ जनुके एकटी काही करीत नाहीत. मुकादमाने हाक मारावी आणि टोळी कामाला लागावी, तशी ती शेकडो जनुकांना कामाला लावतात. मग साखरा साठतात, रक्षक प्रथिने तयार होतात, पेशीपटलाची घडण बदलते. ॲराबिडोप्सिसमध्ये आणि त्याच्या भाऊबंद असलेल्या कोबी-फ्लॉवरच्या कुळात ही व्यवस्था चांगली वसलेली आहे. टोमॅटोतही सीबीएफ जनुके आहेत, एकापुढे एक अशी तीन, परंतु 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार थंडी लागताच त्यांपैकी एकच जागे होते आणि त्याच्या हाकेला उठणारी जनुकेही फार थोडी असतात. म्हणजे टोमॅटोला थंडी कळते. कळल्यावर करावयाची तयारी त्याच्याकडे नाही.

तिसरा गट पिकण्याचा आहे, आणि आपले टोमॅटो लाल का झाले नाहीत याचे उत्तर त्यात आहे. टोमॅटो पिकतो तो इथिलीन वायूच्या चेतनेने, आणि ती साखळी सुरू करणाऱ्या प्रमुख जनुकांपैकी एकाचे नाव आरआयएन असे आहे. त्याची ओळख 2002 साली पटली. अशी पिकवणारी जनुके दीर्घ थंडीने दबतात. थोडक्या थंडीनंतर ती पुन्हा उठतात, म्हणून दोन-तीन दिवस थंडीत राहिलेला माल सावरतो. बारा दिवसांनंतर मात्र इथिलीन तयार करणारी, लाल रंग भरणारी आणि साल मऊ करणारी यंत्रणा एकमेकींशी ताळमेळ न राखता अर्धवट चालते, आणि फळ धड हिरवे नाही, धड लाल नाही असे अडकून राहते. त्याच काळात थंडीमुळे पेशींत प्राणवायूची घातक, अतिक्रियाशील रूपे साठतात. त्यांना निष्प्रभ करणारी विकरे ज्या जनुकांतून बनतात ती पुरेशी चालली नाहीत तर पेशी आतून जळाल्यासारख्या होतात. आपण पाहिलेली काळी बुरशी बहुधा अल्टरनेरियाची असावी. ती निरोगी फळात सहसा शिरत नाही, दुबळ्या झालेल्या सालीतून आणि देठाच्या खोबणीतून शिरते.

आता वाणाविषयी. दुसरे वाण घेतल्याने 2-3 अंशांचा प्रश्न सुटेल असे समजू नये. आपल्या बाजारातील सर्व संकरित टोमॅटो एकाच लागवडीच्या जातीतले असल्याने थंडीच्या बाबतीत ते एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. कोणाला इजा दोन दिवस आधी दिसेल, कोणाला दोन दिवस उशिरा. द्राक्षाच्या खोलीत बारा दिवस कोणीच काढणार नाही. खरी काटक जनुके टोमॅटोच्या रानटी नातलगांत आहेत. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात सुमारे 3000 मीटर उंचीपर्यंत वाढणारी सोलॅनम हॅब्रोकायटिस ही जात त्यांपैकी एक, आणि पैदासकार तिचे गुण लागवडीच्या टोमॅटोत आणण्याचा प्रयत्न करीत आले आहेत. अडचण अशी की त्या जातीची फळे लहान, हिरवी आणि केसाळ असतात, आणि हवा तो गुण उचलताना नको ते गुणही चिकटून येतात.

पुढच्या सप्टेंबरसाठी एवढेच सुचवतो. खोली भाड्याने घेण्यापूर्वी तापमान 12 ते 13 अंशांवर आणून स्थिर ठेवता येईल काय, हे मालकांना स्पष्ट विचारावे. त्या तापमानाला टोमॅटो महिना-महिना टिकत नाही, फार तर भाव सावरण्याइतके दिवस मिळतात; परंतु मिळतात ते खरे मिळतात. खोलीत द्राक्षासाठी वापरलेल्या गंधक वायूच्या कागदांचा अंश राहिलेला नाही, याचीही खात्री करावी, कारण तो वायू इतर मालाला बाधतो. दीडशे कॅरेट एकदम न ठेवता आधी प्रत्येक वाणाचे दोन कॅरेट ठेवावेत, पाचव्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी थोडी फळे बाहेर काढून तीन दिवस शेडमध्ये उघड्यावर राहू द्यावीत आणि मगच मत बनवावे. शिवाय थंडीचा हिशोब शेतापासूनच चढत असतो. आपला माल सप्टेंबरचा असल्याने हा मुद्दा आपल्याला लागू नाही, परंतु डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत वेलीवरच गारठलेले फळ साठवणीत लवकर हार खाते.

एक प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमधील संशोधकांनी हिरवे-पक्व टोमॅटो तीन दिवस 38 अंशांच्या उबेत ठेवले आणि नंतर 2 अंशांवर तीन आठवडे. ते बाहेर काढल्यावर बऱ्यापैकी पिकले. उबेशिवाय थेट थंडीत गेलेले पिकले नाहीत. उबेमुळे उष्णतेपासून रक्षण करणारी प्रथिने बनवणारी जनुके चालू होतात आणि ती प्रथिने पुढे थंडीतही पेशीला सांभाळून घेतात, असा त्याचा उलगडा केला जातो. हे सर्व नियंत्रित आर्द्रतेच्या खोलीत झाले होते. पत्र्याच्या शेडमध्ये तीन दिवस उन्हाने तापलेला माल हा त्याला पर्याय नव्हे, तेव्हा कृपया तसे करू नये.

प्रश्न : इंदोरकडचा बटाटा घरी आणून मी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. पंधरा दिवसांनी त्याची काचऱ्यांची भाजी गोडसर लागते, आणि उपवासाच्या सळ्या तळल्या तर त्या शिजण्याआधीच काळपट होतात. टोमॅटोही फ्रिजमध्ये ठेवले की बेचव होतात. सासूबाई म्हणतात, हल्लीच्या बियाण्यातच चव राहिलेली नाही. हे बियाण्याचे की फ्रिजचे?
(एक गृहिणी, पंचवटी)

उत्तर : बटाट्याचे दोन्हींचे आहे, टोमॅटोचे बहुतांशी फ्रिजचे, तरीही सासूबाईंना आमचा नमस्कार कळवावा, कारण जुने टोमॅटो चवीला सरस होते हे त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही.

बटाटा थंडीत सडत नाही किंवा त्यावर खळगेही पडत नाहीत, त्याऐवजी तो आपल्या पिठाचे, म्हणजे स्टार्चचे, साखरेत रूपांतर करू लागतो. या साखरीकरणात एका जनुकाचा वाटा विशेष मोठा आहे. ते इन्व्हर्टेज नावाचे विकर बनवते, थंडी लागताच जोमाने चालू होते, आणि ते विकर उसाच्या साखरेसारख्या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. तळताना हीच दोन साखरे बटाट्यातील ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाशी संयोग पावतात आणि काळपट, कडवट रंग येतो. त्याच क्रियेत ॲक्रिलामाइड हा नकोसा पदार्थही बनतो. तळलेल्या पदार्थांत तो आहे हे 2002 साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी जाहीर केले होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे 2010 साली याच इन्व्हर्टेजच्या जनुकाला गप्प करून पाहण्यात आले, तेव्हा थंडीत राहिलेल्या बटाट्याच्या चकत्याही तळल्यावर फिकट राहिल्या. एका जनुकाने एवढा स्पष्ट फरक पडावा असे भाजीपाल्याच्या साठवणीत क्वचितच घडते.

आपल्याकडे हा गुण पारंपरिक पैदाशीतून मिळवलेला आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेले कुफरी चिप्सोना मालिकेतील वाण कमी साखरेसाठीच निवडलेले आहेत, आणि चिप्स बनवणारे तो बटाटा 10-12 अंशांवर ठेवतात. भाजीचा बटाटा मात्र शीतगृहात 2 ते 4 अंशांवर महिनोन्‌महिने असतो, म्हणजे आपल्या हातात येण्यापूर्वीच त्यात थोडी गोडी उतरलेली असू शकते. तो फ्रिजमध्ये पुन्हा घालू नये. टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावा. आधीच गोड झालेला बटाटा दोन-तीन आठवडे बाहेर ठेवल्यास त्यातील काही साखर श्वसनात खर्च होते, काहीचा पुन्हा स्टार्च होतो आणि रंग सुधारतो. पूर्ववत मात्र होत नाही.

टोमॅटोच्या चवीवर 2016 साली फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. पिकलेले टोमॅटो आठवडाभर 5 अंशांवर ठेवल्यानंतर त्यांतील साखर आणि आंबटपणा जवळजवळ तसाच राहिला, परंतु सुवास देणारी उडनशील द्रव्ये घटली. ती द्रव्ये बनवणारी काही जनुके थंडीने बंद झाली होती. त्यांच्या डीएनएवर मिथाइल गटाचे शिक्के, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, बसले होते आणि फळ बाहेर काढल्यानंतरही सुवास पूर्णपणे परतला नाही. तेव्हा पिकलेला टोमॅटो दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर ओट्यावरच ठेवावा.

प्रश्न : मी बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोबी शून्य अंशावर टिकतो आणि वांगे 10 अंशांच्या खाली काळे पडते. मग कोबीच्या कुळातील सीबीएफ जनुक वांग्यात किंवा टोमॅटोत घातले तर प्रश्न मिटणार नाही का? आमच्या गटावर नेहमी फिरणारा, माशाचे जनुक घातलेल्या टोमॅटोचा संदेश कितपत खरा आहे?
(विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आपण सुचवता तो प्रयोग झालेला आहे. 2002 च्या सुमारास तैवानमधील संशोधकांनी ॲराबिडोप्सिसचे सीबीएफ-1 जनुक टोमॅटोत घालून ते सतत चालू ठेवले. झाडे थंडीला अधिक काटक झाली, पण ती खुजी राहिली आणि फळे-बियाही कमी धरल्या. थंडीचा मुकादम बारा महिने हाका मारीत राहिला तर वाढीची कामे मागे पडणारच. त्यानंतर जनुक केवळ ताण आल्यावर चालू होईल असा चालक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, त्याला जोडण्यात आला, तेव्हा झाडांची उंची सुधारली. यातून घ्यावयाचा मुद्दा असा, की जनुक कोणते यापेक्षा ते केव्हा, कोठे आणि किती चालावे हा प्रश्न अधिक अवघड आहे. साठवणीच्या दृष्टीने तर ते झाडात झोपलेले आणि तोडलेल्या फळात जागे असावयास हवे.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याने विसरू नये. पानाने थंडी सोसणे आणि फळाने थंडी सोसणे या दोन निराळ्या परीक्षा आहेत. कोबीत आपण पानेच खातो, गाजरात मूळ, आणि ती मुळात थंड ऋतूत जगण्यासाठी घडलेली आहेत. वांगे, काकडी, कारले, भेंडी, दुधी यांत आपण कोवळे फळ खातो, आणि ही झाडे उष्ण प्रदेशांत वाढली. वांगे आणि काकडी तर याच उपखंडाच्या मातीतली आहेत. त्यांच्या पूर्वजांवर 10 अंशांखाली आठवडाभर तग धरण्याची वेळ सहसा आलीच नाही, तेव्हा तशी जनुके निवडली जाण्याचे कारणही नव्हते. वांग्याला साठवणीत 10 ते 12 अंश, काकडीला 10 ते 12.5 आणि भेंडीला 7 ते 10 अंश लागतात, तर कोबी, फ्लॉवर, मटार, पालक, मेथी आणि गाजर यांना शून्याच्या आसपास ठेवावे, हे आकडे आपण पाठ केले असतील. त्यामागे प्रत्येक भाजीचे मूळ गाव उभे आहे, असे समजून पुन्हा वाचावेत.

माशाच्या टोमॅटोविषयी: 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एका कंपनीने थंड समुद्रातील फ्लाउंडर माशाचे गोठण-रोधक प्रथिनाचे जनुक टोमॅटोत घालून चाचण्या घेतल्या होत्या, एवढे खरे आहे. तो टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. शिवाय ते प्रथिन बर्फाच्या स्फटिकांना आवरण्यासाठी आहे आणि टोमॅटोचे साठवणीतील दुखणे बर्फाचे नसून शीतइजेचे आहे, हे आपण वरच्या उत्तरात पाहिलेच. आपल्या गटावर तो संदेश पुन्हा आला की हे दोन मुद्दे लिहून टाकावेत.

प्रश्न : आमच्या पॉलिहाउसमध्ये लाल, पिवळी आणि हिरवी अशी तिन्ही रंगांची ढोबळी मिरची असते. मुंबईसाठी माल साठवताना 5 अंशांवर हिरवीला खळगे पडतात आणि कापल्यावर बिया तपकिरी निघतात. लाल मात्र त्याच खोलीत चांगली राहते. रंगाच्या जनुकाचा आणि थंडीचा काही संबंध आहे काय?
(पॉलिहाउस उत्पादक, दिंडोरी)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, पूर्ण पिकलेली रंगीत ढोबळी हिरवीपेक्षा थंडी अधिक सोसते. रंग हे त्याचे एकमेव कारण नव्हे, तो पिकण्याची खूण आहे. फळ पिकत असताना शेकडो जनुकांची उलथापालथ होते, तांबडी-पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये साठतात आणि घातक प्राणवायूला आवरणारी व्यवस्थाही बदलते. शिवाय पिकलेल्या फळाला थंडीत पूर्ण करावयाचे असे काम थोडेच उरलेले असते, त्यामुळे मोडण्यासारखेही कमी असते. टोमॅटोतही असेच दिसते, म्हणून पिकलेला टोमॅटो 7 ते 10 अंशांवर काही दिवस ठेवता येतो आणि हिरवा ठेवता येत नाही. आपण तिन्ही रंगांसाठी खोलीचे तापमान 7 ते 8 अंशांवर आणावे. बिया तपकिरी होणे ही शीतइजेची फार लवकर दिसणारी खूण आहे, तेव्हा दर खेपेला दोन-चार हिरवी फळे कापून पाहण्याची सवय ठेवावी. वरून साल चांगली दिसत असली तरी बी खोटे बोलत नाही.

प्रश्न : कांद्याला थंडी सोसते असे वाचले. मग आम्ही चाळीत पाच-सहा महिने सड आणि घट का सोसतो? कांद्याच्या जनुकांत अडचण आहे की आमच्या खिशात?
(कांदा उत्पादक, निफाड)

उत्तर : मुख्यतः खिशात. कांदा मध्य आशियाकडचा, त्यामुळे शून्य अंशाची थंडी त्याला शीतइजा करीत नाही. 0 ते 2 अंश आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मिळाली तर तो महिनोन्‌महिने निजून राहतो. त्याला खरा त्रास होतो तो मधल्या तापमानाचा. 10 ते 20 अंशांच्या पट्ट्यात त्याची सुप्तावस्था लवकर मोडते आणि कोंब वेगाने येतात; 25 ते 30 अंशांवर, आपल्या चाळीत असते तशा उबेत, कोंब पुन्हा दबतो, मात्र वजन घटते आणि दमट हवेत सड वाढते. म्हणजे कांदा एक तर पुरता थंड ठेवावा, नाहीतर चाळीतच ठेवावा. अर्धवट थंड खोली ही दोन्हीहून वाईट, आणि कमी वीजबिलाच्या मोहाने 12-15 अंशांवर कांदा ठेवणाऱ्यांना हा अनुभव महिन्याभरात येतो. शून्य अंशावरून काढलेला कांदाही उबेला येताच भराभर कोंब धरतो, तेव्हा तो काढल्याबरोबर विकला जाईल एवढी सोय आधी करावी लागते.

जनुकांचा प्रश्न येतो तो वाणात. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो आणि खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, यात हंगामाचा वाटा आहे तसाच घराण्याचाही आहे. सुप्तावस्था किती लांब, माना किती बारीक मिटतात आणि वरचे पापुद्रे किती घट्ट धरून राहतात, हे गुण पिढीजात उतरतात. बियाणे घरचे धरणाऱ्यांनी म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये काढलेल्या कांद्यांतून लगेच गोट, म्हणजे बियाण्यासाठी लावायचे कांदे, निवडू नयेत. तेच कांदे चाळीत ऑक्टोबरपर्यंत ठेवावेत, आणि जे कोंब न धरता, न सडता शेवटपर्यंत कडक राहतील, तेवढेच बियाण्यासाठी लावावेत.